प्रोजेक्टर आणि पडद्याचं जमवताना: माझा अनुभव

आमच्या गटाच्या नाटकात तीन वेळा मोटरचा पडदा खाली येतो आणि त्यावर चित्र पडतं. प्रोजेक्टर बाल्कनीत, पडद्याचा स्विच विंगेत. दर तालमीला चित्र आधी, पडदा नंतर. दोन्ही एकाच आज्ञेवर चालायला हवं होतं.

प्रोजेक्टरच्या मागे 'जीपीआयओ' लिहिलेलं, बाहेरच्या उपकरणांशी विजेचे इशारे देण्या-घेण्यासाठीचं नऊ पिनांचं सॉकेट होतं. पुस्तिकेप्रमाणे पिन १ वर १२ व्होल्ट, जास्तीत जास्त २०० मिलिअँपिअर. पिन ९ ग्राउंड. मधल्या सात आपण ठरवू तशा, इनपुट किंवा आउटपुट. हे ठरवायचं लॅपटॉपवरून, सिरियल केबलने. सिरियलचं सॉकेटही नऊ पिनांचंच, म्हणून चुकून केबल भलतीकडे जाऊ नये यासाठी मी दोन्हींवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावली.

पडद्याला आज्ञा द्यायला रिले लागतो, म्हणजे छोट्या विजेने चालू-बंद होणारा स्विच. पण पिन थेट रिलेला जोडू नका. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, पिनेला ते झेपत नाही. शिवाय रिले सुटताना कॉइल उलटा झटका देते. मी मधे यूएलएन२००३ ही आयसी घातली; पिनेच्या छोट्या इशाऱ्यावर ती रिलेचा करंट चालू-बंद करते. तिच्यात सात चॅनल असतात आणि झटका जिरवणारे डायोडही. पण आयसीची नववी पिन १२ व्होल्टला जोडली नाही तर ते डायोड असून नसल्यासारखे. रिलेचे कॉन्टॅक्ट पडद्याच्या कंट्रोल बॉक्सला गेले. २३० व्होल्टची बाजू वायरमननेच केली.

आज्ञा पाठवली, टक् आवाज आला, चित्र आणि पडदा बरोबर! काम झालं असं वाटलं.

रंगीत तालमीत वीज गेली. परत आली तेव्हा सगळे रंगमंचावर होते आणि पडदा आपोआप उतरू लागला. खालच्या लोखंडी दांड्याखाली आमची नायिका उभी होती. कुणीतरी ओरडलं, विंगेतून मेन बंद झाला. माझे हात थरथरत होते.

रात्री मीटर लावला. काहीही न पाठवता पिनेवर जवळपास ५ व्होल्ट. वीज आली की आमच्या प्रोजेक्टरची पिन आधी इनपुट होते आणि आतलं पुल-अप, म्हणजे ५ व्होल्टकडे जोडलेला रोध, तिला वर धरून ठेवतं. आयसीला तेवढंच पुरेसं होतं. पुल-अप दुबळं असतं, म्हणून पिन आणि ग्राउंडमध्ये एक किलोओहमचा रोध टाकला. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या खाली आलं. आउटपुट म्हणून मुद्दाम वर केलेल्या पिनेला हा रोध अडवत नाही.

मग मेन स्विच वीस वेळा बंद-चालू केला. पडदा हलला नाही. तरी रिले ते कंट्रोल बॉक्स या वायरीत मी विंगेत एक साधा स्विच घातलाय. पडद्याखाली कुणी नाही हे डोळ्यांनी बघून विंगेतला मुलगा तो चालू करतो, आणि मगच मी बाल्कनीतून आज्ञा पाठवतो.