बाकीच्या कुठी गेल्या?

डिसेंबरमध्ये सात दिवस विदर्भात होतो. रामटेकची एक सकाळ, सेवाग्रामचा एक दिवस आणि वर्ध्याच्या लॉजवर डासांमुळे जागून काढलेल्या दोन रात्री, यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यातल्या एका वावरातील दुपारविषयी, कारण त्या दुपारी एका वृद्ध स्त्रीने मला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही.

प्रवासात माणसांची छायाचित्रे टिपण्याचा छंद मला बारा वर्षांपासून आहे. समोर कॅमेरा आहे हे कळले की चेहरा आखडतो, मान ताठ होते आणि हात मांड्यांवर येऊन बसतात, म्हणून मी शक्यतो दुरून आणि नकळत छायाचित्र घेतो. त्यासाठी सत्तर ते दोनशे मिलिमीटरची, दीड किलो वजनाची लेन्स खांदा दुखेपर्यंत वागवतो. नकळत टिपलेला चेहराच खरा, असे मी आजवर अनेकांना सांगितले आहे आणि माझा त्यावर मनापासून विश्वास होता.

वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली दिसत होती आणि मधूनमधून तुरीच्या ओळी होत्या. एका फाट्यावर उतरलो आणि पांदणीने चालत गेलो. एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाच्या सावलीत कापूस वेचणाऱ्या बारा बाया जेवायला बसल्या होत्या. बोंडाची वाळलेली टोके हात ओरबाडतात, म्हणून प्रत्येकीने लुगड्यावर जुना पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधलेल्या होत्या आणि डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले होते. त्यांच्यापासून साधारण पंधरा मीटरवर एका बोरीच्या आडोशाला मी उभा राहिलो. एका कडेला सत्तरीची एक बाई भाकर हातात तशीच धरून कुठेतरी दूर पाहत होती. कपाळावर आठ्या होत्या आणि ओठ किंचित हलत होते. मी कॅमेरा उभा धरला आणि चार छायाचित्रे घेतली. पडद्यावर पाहताच हेच या प्रवासातील सर्वांत चांगले छायाचित्र आहे, असे मला वाटले. कष्टांनी पिचलेली, एकाकी, भाकरीचा घास विसरलेली म्हातारी मी टिपली होती.

छायाचित्र काढून निघून जाणे मला पटत नाही, म्हणून जवळ गेलो, नमस्कार केला आणि आजींना कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला. त्यांनी तो हाताने उन्हापासून झाकून बराच वेळ पाहिला. स्वतःच्या चेहऱ्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत.

“भाऊ, ह्या बाकीच्या कुठी गेल्या?” त्यांनी विचारले. “मी तं ह्यायच्यात बसली होती. मले एकटीले काहून काढलं?”

बाकीच्या कुठे गेल्या होत्या, हे मला तांत्रिकदृष्ट्या नेमके ठाऊक होते. दोनशे मिलिमीटरवर पंधरा मीटर अंतरावरून उभी चौकट जेमतेम दोन मीटर रुंद मिळते आणि लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र पूर्ण उघडे ठेवले की जेमतेम एक मीटरची पट्टी स्पष्ट राहून पुढचे-मागचे सारे विरघळते. आजींच्या शेजारच्या दोघी चौकटीबाहेर राहिल्या होत्या आणि मागच्या तिघी हिरव्या-जांभळ्या डागांत मिसळल्या होत्या. वर्षानुवर्षे मी याच परिणामासाठी ती लेन्स वापरत आलो आहे. नकळत टिपताना समोरच्याचा चेहरा बदलत नाही, हे खरे. पण त्याच्या भोवतालचे मी सारे बदलून टाकले होते.

“आजी, तुम्ही कसला विचार करत होतात?” मी विचारले.

“इचार कायचा? हिशोब करत होती. कालचा हिचा किती, तिचा किती. बाजाराच्या दिवशी पैसे भेटतेत, तवा ध्यानात नको का?”

किलोमागे दहा रुपये वेचाई होती आणि बारा जणींचे आठवडाभराचे रोजचे वजन आजींच्या तोंडी असे. ओठ हलत होते ते आकड्यांनी. मी ज्याला दुःख समजलो ती बेरीज होती.

पलीकडची एक तरुण बाई डबा झाकत म्हणाली, “पेपरात देता का? पेपरवाल्यायले असंच तोंड पायजे. आपन हासलं का ते कॅमेरा खाली करतेत.”

या वाक्याने मी जितका अस्वस्थ झालो तितका आजींच्या प्रश्नानेही झालो नव्हतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या भागात गेल्या अडीच दशकांत असंख्य कॅमेरे येऊन गेले आहेत. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. यवतमाळ आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे त्यांत होते. ते दुःख खरे आहे आणि त्याची छायाचित्रे निघायलाच हवी होती, याविषयी मला शंका नाही. पण डोक्याला हात लावलेला माणूस आणि भेगाळलेली जमीन एवढ्यातच सारा प्रदेश बसवला जातो, याचा मला राग येतो. भेगांचेच पाहा. काळी कसदार जमीन ओल मिळाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तो त्या मातीचा गुणधर्म आहे. छायाचित्रात मात्र ती दरवेळी दुष्काळाची साक्ष म्हणून उभी केली जाते.

हा राग मला दुसऱ्या कोणावर काढता येत नाही. त्याच ठिकाणी उभे राहून मी कॅमेऱ्यातील सकाळपासूनची छायाचित्रे मागे मागे पाहत गेलो. आदल्या गावी हसणाऱ्या दोन मुलींचे छायाचित्र मी पुसून टाकले होते आणि ओसरीवर एकट्या बसलेल्या म्हाताऱ्याची नऊ छायाचित्रे ठेवली होती. शिवाय सारेच चेहरे काळवंडलेले होते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. चौकटभर पांढरा कापूस असला की तो सारे चित्र गडद करतो आणि उन्हात रापलेला चेहरा त्यात बुडतो. अशा वेळी प्रकाश हाताने एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावा लागतो, हे मला माहीत होते. मी वाढवला नव्हता, कारण गडद चेहरे मला गंभीर वाटले होते.

१९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमोजवळ, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी टिपलेले एका आईचे छायाचित्र पोर्ट्रेट शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवले जाते. लँग यांनी आधी तंबूसकट दुरून छायाचित्रे घेतली आणि मग पुढे सरकत सरकत अखेर ती आई आणि तिला बिलगलेली मुले एवढेच चौकटीत ठेवले. त्यांनी तिचे नावही विचारले नव्हते. ते नाव, फ्लॉरेन्स थॉम्पसन, जगाला १९७८ साली कळले आणि तेव्हा हे छायाचित्र काढलेच नसते तर बरे झाले असते, अशी नाराजी तिने बोलून दाखवली. तिचा जोडीदार मुलग्यांना घेऊन मोटारीच्या दुरुस्तीसाठी गावात गेला होता, असे तिच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले. ती स्वतः कापूसही वेचत असे. हे सारे मी पूर्वी वाचले होते, तरी बाकीचे कुठे गेले हा प्रश्न मला त्या छायाचित्राविषयी कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लोणारला जायचे ठरले होते. ते रद्द केले. मोठी लेन्स पिशवीत ठेवली, पस्तीस मिलिमीटरची लहान लेन्स लावली आणि संध्याकाळपर्यंत त्या वावरातच राहिलो. बायांनी मला उपाशी बसू दिले नाही. भाकर, चून म्हणजे पिठले आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा माझ्यापुढे आला आणि नको म्हणण्याची सोय नव्हती. पुण्यात पाहुण्याला आधी जेवलात का असे विचारतात; इथे कोणी विचारले नाही, थेट वाढले.

पस्तीसच्या लेन्सने चेहरा टिपायचा तर हाताच्या अंतरावर जावे लागते आणि तिथे नकळत काही राहत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळ्या माझ्याकडे पाहून लाजत होत्या. नंतर ओळी संपवण्याच्या घाईत त्यांना माझ्याकडे पाहायला वेळ उरला नाही. बोटे इतकी वेगाने चालत होती की कॅमेऱ्याचे शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडे राहिले तर ती छायाचित्रात गोठत नव्हती. दिवस कलल्यावर धुऱ्यावर ताणकाटा टांगला गेला. गाठोडे लटकले की बाराही जणींचे डोळे काट्यावर जात. मालक वहीत आकडा लिही आणि आजी तो पुटपुटत. एकदा मालकाने चौतीस लिहिले. आजींनी “छत्तीस” म्हटले. गाठोडे पुन्हा टांगले, छत्तीस भरले आणि मालकाने काही न बोलता खोडून दुरुस्ती केली. त्या क्षणी मी दीड मीटरवर होतो. आजींनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि परत काट्याकडे पाहिले. ते छायाचित्र किंचित हललेले आहे, पण त्यात काटा, वही, गाठोडे, आजी आणि मागे हसणाऱ्या बाया आहेत.

तिसऱ्या दिवशी वर्ध्याच्या एका स्टुडिओतून छापे काढून मी परत त्या फाट्यावर उतरलो. बोरीआडून टिपलेले छायाचित्र छापले नव्हते. ते आजींसमोर पुसून टाकले होते. प्रत्येकीला तिचा छापा दिला आणि आजींना निंबाखाली साऱ्याजणी बसलेला मोठा छापा दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि एकेका चेहऱ्यावर बोट टेकवत मोजायला सुरुवात केली. अकरा भरल्या. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा अकराच भरल्या, तेव्हा त्यांनी छापा डोळ्यांजवळ नेला आणि डाव्या कडेला, चौकटीत अर्धाच आलेला, पाण्याची कॅन धरलेला एक हात त्यांना सापडला.

“हे पाय,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “थे पानी आनत हाय.”