किल्ला सोडला त्यांची गोष्ट

धाकट्याचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. आम्ही सगळे कोखाव हायार्देनला, इथल्या इस्रायलमधल्या जुन्या क्रूसेडर किल्ल्यावर, गेलो होतो, पूर्वेच्या बुरुजाचे दगड पडलेत ना तिथे उभं राहून त्याने पाटी वाचली आणि म्हणाला, मी असतो तर सोडला नसता. हिब्रूतच म्हणाला अर्थात. आणि बांबा, ते शेंगदाण्याचे कुरकुरे, खात पुढे निघून गेला. मोठी काहीच बोलली नाही. ती खाली यार्देन म्हणजे जॉर्डन नदीकडे बघत होती. तिची सैन्यातली सक्तीची नोकरी झाल्यापासून ती अशा वेळी काही बोलत नाही आणि मीही विचारत नाही.

आता एवढ्याशा वाक्यात रात्रीची झोप जाण्यासारखं काय आहे असं हे म्हणतात. ह्यांना गुडघ्याशिवाय कशाचंच काही वाटत नाही हल्ली.

किल्ला छानच आहे, म्हणजे जे काय उरलंय ते. बेत शआनच्या पुढे ९० नंबरच्या रस्त्यावरून वर वळलं की वळणं वळणं वळणं, यार्देनपासून पाचशे मीटर उंच, आणि वर पोचल्यावर एकदम काळा बसाल्ट. तो काळा दगड बघून मला पहिल्यांदा घरचीच आठवण झाली, आपल्याकडचे सगळे किल्ले असेच काळे. तीन बाजूंनी कापलेला खंदक आणि चौथीकडे सरळ खाली दरी. चौकोनी तट आणि त्याच्या आत परत दुसरा चौकोन, किल्ल्यात किल्ला. बाहेरचा पडला तर आतल्यात जाऊन लढायचं. ११६८ मध्ये हॉस्पिटलर म्हणजे क्रूसेडर धर्मयोद्ध्यांनी ही जागा विकत घेतली आणि हे एवढं सगळं रचलं, आणि वीस वर्षं पुरती झाली नाहीत तोवर सुलतान सलाउद्दीनची माणसं खाली.

दीड वर्ष वेढा. जुलै ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईत क्रूसेडरांचं सगळं सैन्य संपलेलं, ऑक्टोबरात येरुशलायीम म्हणजे जेरुसलेम गेलेलं, मदतीला कोणी येणार नाही हे त्यांना कळत नसेल का? तरी धरून बसले. एका पावसाळी रात्री तर बाहेर पडून वेढेवाल्यांवरच छापा घातला. मग शेवटी पाऊस, चिखल, आणि खालून सुरुंग खणून तो पूर्वेचा बुरूज पाडला आणि ५ जानेवारी ११८९ ला हे लोक बाहेर आले. सलाउद्दीनने त्यांना जाऊ दिलं. जिवंत. चालत त्सोर म्हणजे टायर शहराला गेले, आत्ताच्या लेबनॉनमध्ये.

मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं, की चला, गेले बाई घरी. आणि नेमका तेव्हाच हा म्हणाला.

माझीही चूक नाही आणि त्याचीही नाही, सतरा वर्षांची मुलं असंच बोलतात. आम्ही काय वेगळं बोलायचो? रेवदंड्याच्या शाळेत चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकावर डोकं ठेवून रडलेली मी, मुरारबाजीसाठी. किल्ला म्हणजे मरेपर्यंत लढवायचा असंच शिकलो. त्याच पुरंदरच्या तहात १६६५ ला महाराजांनी २३ किल्ले देऊन टाकले, ते बाईंनी एका वाक्यात उरकलं होतं. का उरकलं? तेवीस म्हणजे काय थोडे आहेत? आणि नंतर परत घेतलेच की. हे मला काल खंदकावरच्या पुलावर उभं राहून सुचलं आणि सांगायला कोणी नाही. सांगितलं तर कळायला तर त्याहून नाही. पुरंदर म्हटलं की मुलं विचारणार तो कुठला सिरियल. घरात मी मराठीत जे बोलते ते म्हणजे फ्रिजचा आवाज झालाय, चालू असतो, कोणाचं लक्ष नसतं. आईवडील तिकडच्या मातीत, भाऊ ठाण्यात, आणि मी इथे इस्रायलमध्ये लोद गावात तिसऱ्या मजल्यावर बसून सतराव्या शतकावर एकटीच वाद घालतेय.

बरं आमचं रेवदंडा तरी काय. सगळं गावच किल्ल्याच्या तटात. पोर्तुगीजांनी बांधला, १७४० च्या तहात मराठ्यांना दिला आणि गेले. आम्ही त्या सातखणी बुरुजाखाली लगोरी खेळायचो, तटाला लागून नारळाच्या वाड्या, आम्हा बेने इस्राएलांच्या बेथेल सिनेगॉगला जायचा रस्ता त्यातूनच. कोणीतरी सोडून गेलं म्हणून आम्ही होतो तिथे. मग आम्हीपण सोडलं. वडिलांनी वाडी विकली तेव्हा कोणी पाटी लावली नाही.

इथल्या पाटीवर पण सगळं नसतं. किल्ल्यात १९४८ पर्यंत गाव होतं, कौकब अल-हवा. अंजिराची झाडं आहेत अजून. हे म्हणाले पिकलीयेत का बघ, मी म्हटलं राहू दे.

तिथली तुमारकिन नावाच्या शिल्पकाराची ती गंजलेली लोखंडी शिल्पं बघायला मोठी एकटीच गेली. आम्ही सावलीत डबा काढला.

तर परत तेच, सोडला नसता. काल गाडीत मी विषय काढलाच शेवटी. म्हटलं दीड वर्ष ते खात काय होते ठाऊक आहे? तो म्हणाला काय? मी म्हटलं मला काय माहीत, शेवटी शेवटी घोडेच असतील. बांबा नव्हता नक्की. तर जरा गप्प बसला आणि म्हणाला मग बघू. मग बघू! मी एवढी खूश झाले की ह्यांनी वळून बघितलं. आणि खरं म्हणजे त्याने आजवर काय धरून ठेवलंय? ज्युदो सोडला, गिटार सोडली, मराठी तर बालवाडीतच सोडली. फक्त गाडीतली पुढची सीट सोडत नाही. हा काय दीड वर्ष किल्ला लढवणार, ह्याला मोजे सापडत नाहीत.

असं म्हणून मी स्वतःला समजावते आणि रात्री तीन वाजता परत उठते. त्साव रिशोन, म्हणजे सैन्यभरतीचं पहिलं बोलावणं, येऊन पडलंय, तारीख पण लागलीये.

एलियाहू हन्नबीला, आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा म्हणजे नारळ घातलेल्या गोड पोह्यांचा नवस बोललेय. काय मागितलं ते इथे लिहीत नाही. नणंद म्हणते सैन्यात जायच्या आधीच कर, मोठी म्हणते सुटून आला की कर, हे म्हणतात दोन्ही वेळा कर, ह्यांना पोह्यांशी मतलब. दोनदा तर दोनदा. नारळ खवायला मात्र ह्या वेळी धाकट्याला बसवणार आहे.