सोफा, वीस हजारांचा अ‍ॅडव्हान्स आणि मंगळवारी येणारे मॅनेजर

"काकू, बजेट किती आहे?" दुकानात शिरल्या शिरल्या, पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी प्रश्न आला. मी म्हटलं, "पंच्याहत्तरपर्यंत." दोन तासांनी बाहेर पडलो तेव्हा पर्समध्ये ऑर्डरची पावती होती आणि तिच्यावर आकडा होता १,०५,६१९. मधल्या वेळात कुणी हात धरून माझी सही घेतली नव्हती. ती मीच केली होती, त्यांच्याच पेनाने, आणि वर पेन छान चालतंय असंही म्हटलं होतं.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५च्या दसऱ्याआधीच्या रविवारची ही गोष्ट. आम्ही डोंबिवलीचे. भाऊबीजेला तिन्ही नणंदा आमच्याकडे येतात आणि जुन्या सोफ्याची एक बाजू बसलं की खाली जायची. म्हणून एक एल आकाराचा सोफा आणि चौघांचं डायनिंग टेबल, एवढंच घ्यायचं ठरलं होतं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. नाव लिहीत नाही. शेजारच्या वहिनी आधीच म्हणाल्या होत्या, "उल्हासनगरला जाऊन बनवून घ्या." पण ह्यांना एसीतलं दुकान हवं होतं.

पंच्याहत्तरचे एक लाख पाच कसे झाले ते सांगते, कारण त्या रात्री जेवण झाल्यावर मी ते पाटीवर मांडल्यासारखं मांडलं, तेव्हा कुठे कळलं. सोफा ४८,५००, टेबल २४,०००. मिळून ७२,५००. हा आकडा त्या सेल्समन मुलाने स्वतःच्या हाताने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिला, पुढे "फायनल" लिहून खाली रेघ मारली. मग मी हात फिरवून म्हटलं, "हे कापड फार छान आहे हो." तो म्हणाला, "मॅडमची चॉइस!" (काकूची मॅडम झाले तिथेच सावध व्हायला हवं होतं.) ते कापड निघालं सी ग्रेडचं, म्हणजे ए ग्रेडपेक्षा महागातलं. टॅगवरची किंमत ए ग्रेडची, पण टॅग लावला होता सी ग्रेडच्या सोफ्याला. वर ७,५००. टेबलासोबत दोन खुर्च्या आणि एक बाक होता. चार खुर्च्या हव्यात म्हटल्यावर आणखी ४,०००. झाले ८४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५,१२०. घरपोच आणि जिना चढवण्याचे २,५००. कापडावर डाग पडू नये म्हणून कसलासा प्लॅन, ३,९९९. बेरीज करून बघा.

जीएसटीचं मला सगळ्यात जास्त लागलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला म्हणून तेव्हा सगळीकडे गाजावाजा चालू होता. दुकानातही पताका लावल्या होत्या. मी त्या मुलाला विचारलं, "जीएसटी धरून ना?" तो म्हणाला, "काकू, जीएसटी तर कमी झालाय आता." हे उत्तर हो नाही आणि नाही पण नाही. मी ते हो समजले. घरी येऊन पाहिलं तर साध्या लाकडी आणि गादीच्या फर्निचरवर १८ टक्के होता तो १८च राहिलाय. कमी झाला तो निव्वळ बांबू-वेताच्या फर्निचरवर, १२चा ५.

आता दोष कुणाचा, यावर आमच्या घरात दिवाळीपर्यंत चर्चासत्र चाललं. माझं मत तेव्हा वेगळं होतं आणि आज थोडं बदललंय. बजेट सांगितल्यावर ज्या क्षणी वस्तू त्याच्या वर जाते, त्या क्षणी "काकू, हे पंच्याहत्तरच्या वर चाललंय, चालेल का?" एवढं विचारणं विकणाऱ्याचं कामच आहे. नाहीतर बजेट विचारतोस कशाला? आणि पावतीवरचा शेवटचा आकडा वाचल्याशिवाय सही न करणं हे माझं काम. माझ्या कामात मी नापास झाले. तो त्याच्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन केला. म्हटलं, ऑर्डर बदलायची आहे, ए ग्रेडचं कापड द्या, बाक चालेल, डागांचा प्लॅन नको. साधी गोष्ट. मुलगा म्हणाला, "सर आले की सांगतो." सर म्हणजे मॅनेजर. सर फक्त मंगळवारी या शाखेत येतात. ठीक, दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. अर्धी रजा टाकून गेले. सर आले नाहीत, दसऱ्याची गर्दी म्हणून दुसऱ्या शाखेत गेले होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "सिस्टीममध्ये एडिटचा ऑप्शन नाही. कॅन्सल करून नवीन करावी लागेल. कॅन्सल फक्त सर करतात." मी म्हटलं, मग कॅन्सल झाल्यावर माझे वीस हजार? तिने पावती उलटी करून दाखवली. मागे, मुंगीच्या अक्षरात, अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही असं छापलेलं. पावती दिली तेव्हा ती सुलटी होती.

इथेच आठवलं म्हणून सांगते, अ‍ॅडव्हान्स शक्य तितका कमी द्या. तो मुलगा पाच हजारांवरही तयार होता. वीस हजार मीच दिले, कारण "वीस दिले तर दिवाळीआधी नक्की" असं तो म्हणाला, आणि ह्यांनी लगेच फोन काढून क्यूआर स्कॅन केला.

पुढचा पूर्ण आठवडा फोनवर गेला. एकदा "सर मीटिंगमध्ये आहेत". एकदा "तुमचा नंबर सरांना दिलाय". एकदा फोन उचललाच नाही, पण मागे गाणी ऐकू आली, म्हणजे उचलून ठेवला होता. शुक्रवारी सांगितलं की ऑर्डर फॅक्टरीला गेली, कापड कापलं गेलं, आता काहीच होणार नाही. मी विचारलं, फॅक्टरी कुठे आहे? "भिवंडीला." मी म्हटलं, कापलेल्या कापडाचा फोटो पाठवा. नाही आला.

सात तारखेच्या मंगळवारी सर एकदाचे भेटले. चांगले गोड बोलले, चहा मागवला. "मॅडम, तुमचं समाधान हेच आमचं सगळं." मग एक कागद पुढे केला. वीस हजारांची क्रेडिट नोट, मुदत सहा महिने. म्हणजे पैसे माझेच, पण त्यांच्याच दुकानात, सहा महिन्यांत, नाहीतर गेले. मी कार्ड काढून ७२,५०० फायनल दाखवलं. ते हसून म्हणाले, "टॅक्सच्या आधीचं फायनल." त्या वाक्यावर मी चहा अर्धा ठेवून उठले. सही केली नाही. या एका गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

मग मासिक हप्त्यांचं आमिष. "एक लाख बघू नका मॅडम, महिन्याचे आठ-नऊ हजार बघा, नो कॉस्ट." यावर एवढंच सांगते की रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. रोख दिले तर किती कमी कराल, हे विचारा. दडलेलं बाहेर येतं.

त्या रात्री साडेनऊला सेल्समन मुलाचा फोन आला. स्वतःच्या नंबरवरून. "काकू, ऑर्डर कॅन्सल झाली तर माझा इन्सेंटिव्ह जातो. आणि कापड तर तुम्हालाच आवडलं होतं ना?" आवडलं होतं. हे खोटं कसं म्हणू? माझ्या मुलाएवढा असेल, तोही पुण्यात असंच काहीतरी टार्गेटवालं काम करतो. मी म्हटलं, "बाळा, तू मला एकदा जरी सांगितलं असतंस की शंभरच्या वर चाललंय, तर मी स्वतः थांबले असते." तो गप्प झाला, मग म्हणाला, "आम्हाला टोटल सांगायची नाही, पॉइंट पॉइंट सांगायचं असं शिकवलंय." राग कुणावर काढायचा तेच कळेना.

माझा भाचा वकिली शिकतोय. त्याने माझा उत्साह आधी कमी केला. म्हणाला, "मावशी, मन बदललं म्हणून पैसे परत द्यायलाच हवेत असा कायदा नाही. माल सदोष असेल तर परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. तुझा सोफा सदोष नाही, तुझं गणित सदोष आहे." पण मग म्हणाला, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रारीच्या व्याख्येत दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणं हेही आहे. आणि किंमत काय ते नीट कळणं हा ग्राहकाचा हक्कच. "कार्ड जपून ठेव. सही केलेली पावती त्यांच्या बाजूने बोलते, कार्ड तुझ्या." त्याने सगळं लेखी मागवायला लावलं. फोनवर जे बोलणं झालं ते मी त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानाला पाठवायला लागले: आज अमुक वाजता आपण असं सांगितलंत, चूक असेल तर कळवा. कुणी कळवलं नाही. ते पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

नऊ तारखेला १९१५ वर फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकलं, कार्ड आणि पावतीचे फोटो मागितले, तक्रार क्रमांक दिला. ते काही दुकानावर धाड घालत नाहीत, कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागतात, एवढंच. पण तो क्रमांक मी दुकानाला व्हॉट्सअ‍ॅप केला आणि खाली एक ओळ लिहिली की यानंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. खरंच गेले असते का? खरं सांगू तर माहीत नाही. गुडघे दुखतात माझे. पण लिहिताना बरं वाटलं.

सोमवारी, तेरा तारखेला, मॅनेजर साहेबांचा फोन. आपणहून. सोमवारी! मंगळवारी गेलो, ह्यांनाही नेलं. पंधरा मिनिटांत मिटलं. ए ग्रेडचं राखाडी कापड, दोन खुर्च्या आणि बाक, प्लॅन नाही. सगळं धरून, जीएसटी धरून, घरात आणून जोडून ७८,०००. वरचे तीन हजार मी मान्य केले. सी ग्रेडच्या कापडावर हात मीच फिरवला होता, त्याचा दंड समजले. आणि गंमत बघा, राखाडी सोफा गोदामात तयारच होता. भिवंडीला. ज्या भिवंडीत माझं कापड कापलं गेलं होतं.

एक राहिलंच. मधेच काउंटरवर कुणीतरी हळूच सुचवलं होतं, "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल." कच्च्या बिलावर घेऊ नका. उद्या पाय मोडला तर वॉरंटी कुठल्या कागदावर मागणार? आणि शीशम आणि शीशम फिनिश यात फरक आहे. फिनिश म्हणजे फक्त रंग. आमचं टेबल फिनिशवालं आहे, हे मला बिल हातात आल्यावर कळलं. आता कुठे परत भांडू.

एकोणीस तारखेला सोफा आला. चौथा मजला, लिफ्टच्या दारातून एकही तुकडा आत जाईना. जिन्यावरून चढवला. हमालांनी वेगळे पैसे मागितले. मी बिलावरचं "घरात आणून जोडून" दाखवलं, तरी सहाशे दिले, कारण त्यांना मी जिन्यात बघितलं होतं. तुमच्या लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण टेपने मोजून जा. आम्ही हॉल मोजला होता, लिफ्ट नाही.

नणंदा आल्या, बसल्या, मोठी म्हणाली, "रंग जरा फिका नाही वाटत?" मी फराळाचं ताट आणायला आत गेले.

आणि ते शोरूम अजून मेसेज पाठवतं. प्रिय ग्राहक, आपल्या वीस हजारांच्या क्रेडिट नोटची मुदत संपत आहे. जिच्यावर मी सही केली नव्हती, तीच नोट. ती त्यांच्या सिस्टीममध्ये अजून तशीच आहे. एडिटचा ऑप्शन नाही ना.