माझा पहिला रेझ्युमे आणि डेअरीचं रजिस्टर

एसएसएलसीचा, म्हणजे आमच्याकडच्या दहावीचा, शेवटचा पेपर झाला आणि नुसतं घरी बसून काय करायचं म्हणून बेळगावात खडेबाजारातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात विचारायला गेले, शाळा सुरू व्हायच्या आधी तिथं गर्दीला पोरं लागतात. मालक म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर रेझ्युमे टाक. हो म्हणून बाहेर आले, पण रेझ्युमेत काय लिहितात ते कुठं माहीत होतं.

आईला वाटलं बायोडेटा. तिनं मामेबहिणीच्या लग्नाचा काढून दिला, वर गणपती, खाली रास, नक्षत्र, मामाचं गाव. मग झेरॉक्सच्या दुकानात गेले, त्यांच्याकडं तयार फाईल होती, नाव बदललं, 50 रुपये घेतले. घरी येऊन वाचते तर मॅरिटल स्टेटस सिंगल आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये मी मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून नामांकित कंपनीत करिअर करणार!! कुणाचं तरी जुनं राहिलं होतं. माझा अजून दहावीचा रिझल्ट लागायचाय.

शेवटी अक्काला फोन केला, मावशीची मुलगी, उद्यमबागेत एका ऑफिसात अकाउंट बघते. संध्याकाळी येळ्ळूरला घरी आली आणि आधी अर्धं खोडलं. आधार नंबर, जात, पप्पांचा धंदा, "हे कशाला लागतंय त्यांना?" ईमेल आयडी सातवीत गेम खेळायला काढलेला होता, तो बघून हसली आणि नवीन काढायला लावला, नुसत्या नावाचा. शिक्षणात 'एसएसएलसी, मराठी मीडियम, रिझल्ट बाकी' आणि खाली नववीचे टक्के. पत्त्यावरनं आमचं थोडं वाजलं, मी बेळगाव लिहिलेलं, ती म्हणाली कागदावर 2014 पासून बेळगावी झालंय, इंग्लिशमध्ये तसंच लिही, घरात काय म्हणायचं ते म्हण.

अनुभवाची जागा रिकामी होती, मी 'फ्रेशर' टाकलेलं.

"सकाळी काकांच्या डेअरीत काय करतीस गं मग?"

म्हटलं ते काय काम आहे काय, घरचंच की. तर म्हणाली सांग बघू काय काय करतीस. सहाला शटर उघडतो, लोक किटल्या घेऊन येतात, लिटर मोजायचं, सॅम्पल मशीनला लावून फॅट बघायचं, रजिस्टरला लिहायचं, स्लिप द्यायची, दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढायचं, कुणी म्हणतं माझं फॅट कमी कसं आलं तर मागची पानं काढून दाखवायची. सांगताना मलाच जरा नवल वाटलं. अक्कानं लिहिलं: गावच्या दूध डेअरीत दोन वर्षं, रोज साठेक लोकांच्या दुधाची नोंद आणि दहा दिवसांची बिलं. बस्स.

भाषांमध्ये मी मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश असं सरळ ठोकलेलं, तिथं पण अडवलं. कन्नड वाचता येतं, बोलताना अडखळते, तर तसंच लिही, दुकानात पहिल्या गिऱ्हाइकालाच कळणार. रेफरन्सला शाळेतल्या सरांचं नाव, पण आधी फोन करून विचारून.

एवढं करून मी वर्ड फाईलच पाठवली, नाव 'न्यू फायनल 2', त्यांच्या मोबाईलवर ओळी कुठच्या कुठं. मग परत पीडीएफ, माझ्या नावानं.

दुसऱ्या दिवशी बोलावलं. मालकांनी कागद बघितला आणि डेअरीवरच आले, बिल चुकलं तर काय करतीस म्हणून. खोडत नाही, एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहून काकांची सही घेते म्हटलं. तेवढ्यात एक बाई वही उचलून "इदु एष्टु?" म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये हे केवढ्याला, मालक माझ्याकडं बघत गप्प. मागं किंमत बघितली, "नलवत्तु", चाळीस, म्हटलं, पुढचं काय विचारलं ते कळलं नाही, मालकांनीच सांगितलं.

सोमवारपासनं ये म्हणाले, साडेनऊला. काका मात्र फुगलेत, म्हणून सहा ते आठ डेअरी आणि मग बस असं ठरलंय, संध्याकाळचं रजिस्टर पप्पा लिहिणार म्हणे, त्यांचं अक्षर बघता दहा दिवसांनी बिलं काढताना माझं काय होणार कुणास ठाऊक.