तो माणूस कुठे गेला?

"आई, पण ज्याचं शरीर घेतलं तो माणूस कुठे गेला?"

काल रात्री 'वंडर वूमन १९८४' हा सिनेमा बघताना लेकीने मध्येच विचारलं. मला उत्तर देता येईना.

डायनाचा, म्हणजे वंडर वूमनचा, मेलेला प्रियकर स्टीव्ह परत येतो, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरात. त्याचं घर, त्याचे कपडे, सगळं बिनदिक्कत वापरतात. त्याचं काय, हे कुणालाच विचारावंसं वाटत नाही. श्रेयनामावलीत त्याला नावसुद्धा नाही. नुसतं 'देखणा माणूस'!

२०१७ च्या पहिल्या भागात हीच डायना एका बाईचं गाऱ्हाणं ऐकून, सगळे नको म्हणत असताना, खंदकाची शिडी चढून गोळ्यांसमोर उभी राहिली होती. अनोळखी गावासाठी. माझे डोळे भरून आले होते. लेक तर आठवडाभर स्टीलचं ताट ढाल म्हणून घेऊन फिरत होती, जेवायलाही सोडायची नाही.

या भागात सोनेरी चिलखत आहे, लांबी अडीच तासांची आहे. अनोळखी माणसाची ती काळजी तेवढी गेली. फार लागलं मला ते.

शेवटी बर्फात तो माणूस डायनाला भेटतो. ती त्याच्या कपड्यांचं कौतुक करते, हसते.

लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगणार नाही का ती त्याला?"