हुमणी आणि शेणकिडा

रोहिणी संपता संपता एखादा वळीव चांगला पडला, की गिरणाकाठच्या बांधांवर संध्याकाळी 7.30च्या सुमारास निंबाभोवती, बाभळीभोवती घरघर सुरू होते. हे हुमणीचे तपकिरी भुंगेरे. रात्रभर पाला खायचा, तिथेच जोड्या जमवायच्या आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरायचं. सकाळी त्याच बांधावर, बैल उभे होते तिथल्या शेणाच्या ताज्या पोवट्यात काळा शेणकिडा कामाला लागलेला असतो. दोघांचं कुळ एकच, स्कॅरॅबिडी. अळ्याही सारख्याच, पांढऱ्या आणि कोयरीसारख्या वाकलेल्या.

वेगळी आहे ती आईची तरतूद. हुमणीची मादी ओल्या मातीत चार-पाच बोटं खोल सुटी सुटी अंडी घालते, पन्नास-साठपर्यंत, आणि मोकळी होते. अळी आधी कुजका पाला खाते, मग मुळांवर येते. पोळ्याच्या सुमारास भुईमूग किंवा ऊस ठिकठिकाणी पिवळा पडतो, ओढला की अलगद हातात येतो. तोवर अळी जाडजूड झालेली असते, औषधाला फारशी दाद देत नाही. म्हणून खरं काम पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार संध्याकाळी, अंडी घातली जाण्याआधी: फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्याच्या शेतात करून मात्र भागत नाही, शेजारच्या निंबावरून ते पुन्हा येतात.

शेणकिडीण अंडी मोजकीच घालते. शेणाच्या एका गोळ्यात एकच अंडं, गोळा जमिनीखाली. अळी आतून तोच खात वाढते. डोकं खाली, मागचे पाय वर करून गोळा ढकलणारे आपल्या लक्षात राहतात. बरेचसे पोवट्याखालीच बीळ करून शेण आत ओढतात.

उकिरड्यात जाड पांढरी अळी दिसली की तिला सरसकट हुमणी ठरवलं जातं. तिथे बरेचदा गेंड्या भुंग्याची पिल्लं असतात. कोरड्या फरशीवर ठेवल्यावर अळी पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची. तिला मुळांशी देणंघेणं नाही, कुजकं खाते.

शेणकिड्याला मारायला कुणी जात नाही, तरी तो मरतो. जनावराला आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलं, की पुढचे काही दिवस त्याच्या शेणातही औषध उतरतं आणि गोळ्यातली अळी जगत नाही. मग पोवटा तसाच भाकरीसारखा वाळून पडतो. शेणकिडे असले, तर काडीने उचलल्यावर खाली पेन्सिलीएवढी भोकं आणि कडेला भुसभुशीत मातीचे ढीग दिसतात. पाऊस आला की पाणी आधी तिथे मुरतं.