तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, प्यायलो नव्हतो

"त्या दिवशी तू खरंच घेतली नव्हतीस?" सहा वर्षं झाली, अजून कुणी ना कुणी विचारतंच. कधी चेष्टेत, कधी खांद्यावर हात ठेवून. तर एकदाच लिहून टाकतो. नाही. थेंबही नाही. आणि "एका जादा गोळीने कुणी एवढं झिंगतं का?" याचं उत्तर: हो, झिंगतं.

फिट्ससाठी मी फेनिटॉइन घेतो. १९३८ पासून वापरात असलेलं औषध. बहुतेक औषधांचं गणित सरळ असतं. रक्तात जितकं जास्त, तितकं शरीर जास्त बाहेर काढतं. डोस दीडपट केला तर पातळीही साधारण दीडपट. फेनिटॉइनचं तसं नाही. ते मोडणारी लिव्हरमधली एन्झाइम्स नेहमीच्या डोसलाच जवळपास पूर्ण गुंतलेली असतात. त्यावर थोडं जरी वाढवलं, तर जादाचं रोज साचत जातं. दारूचंही असंच. लिव्हर ती आपल्या ठरलेल्या वेगानेच मोडते. म्हणजे प्यायलो नव्हतो, पण हिशेब पिणाऱ्याचाच होता. (हे नातेवाइकांना सांगत नाही. ते अर्धंच ऐकतील.)

डोस ३०० मिलिग्रॅमचा ४०० झाला. आठ-दहा दिवस काहीच जाणवलं नाही. दुसरा आठवडा संपता संपता मुलीच्या शाळेत पालकसभा होती. वर्गात शिरताना दाराची चौकट सरकल्यासारखी वाटली. पाय फाकवून चालत होतो, तरी एका बाकावर आदळलो. बाईंनी मुलीच्या गणिताबद्दल काही विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकून बाहेर आले. बाईंनी खुर्ची किंचित मागे घेतली. मागे कुणीतरी हसलं. मी "औषध, औषध" म्हणत राहिलो, आणि ते किती वाईट ऐकू येतंय हे माझं मलाच कळत होतं.

बाहेर आल्यावर नऊ वर्षांची माझी मुलगी समोर उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हा कर." मी भिंतीला धरून वाकलो आणि तिच्यासमोर श्वास सोडला. तिने वास घेतला. वास कसलाच नव्हता. तरी ती माझा हात न धरता पुढे चालायला लागली.

पातळी ३६ निघाली. दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम हवी. याला उतारा नाही. गोळी थांबवायची आणि वाट बघायची. जो तो म्हणे, भरपूर पाणी पी, निघून जाईल. अहो, फेनिटॉइन जसंच्या तसं लघवीतून जातं ते पाच टक्क्यांहूनही कमी. बाकीचं आधी लिव्हरने मोडायचं, मग किडनीने टाकायचं. कितीही पाणी प्यायलं तरी लिव्हर घाई करत नाही. पाच दिवस भिंत धरून बाथरूमला जात होतो.

आता जे कुणी विचारत नाही ते. डोस वाढला, कारण मला फिट आली होती आणि पातळी ७ होती. पातळी ७ होती, कारण मी गोळ्या चुकवत होतो. "रोज घेता ना?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो. वाढवलेला डोस मात्र इमानाने घेतला.

बरीच वर्षं डॉक्टरांना दोष दिला. एकदम १०० कशाला वाढवायचे, आठवड्याभरात पातळी पुन्हा का नाही बघितली? हे अजूनही वाटतं, मागे घेत नाही. पण तेव्हाच्या मला जाब विचारावा, तर तो म्हणतो, गोळीने सुस्ती यायची, मुलगी खेळायला बोलवायची आणि उठवत नसे, म्हणून टाळायचो. त्याला नुसता खोटारडा म्हणून सोडून देता येत नाही. आणि खोटं तर तो बोललाच होता.

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. परवा तिला हे लिव्हरचं सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "पण आधी तू रोज घेत होतास ना?"

या वेळी नाही म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि अभ्यासाला बसली.